देवाच्या म्हणण्याला अनुमोदन

कमिटीचा सेक्रेटरी झालात की एक गोष्ट कळते. मिनिट्समध्ये जे लिहिता येत नाही, तेच जास्त साठत जातं! माझ्याकडे एवढं साठलंय की आता पोटात राहत नाही. म्हणून सांगून टाकतो.

आमची बोईसरची प्रेस्बिटेरियन चर्चची मंडळी म्हणजे चिमूटभर माणसं. अर्धी एमआयडीसीतली, थोडी पालघरची, थोडी चिंचणीची. पण नियमाला पक्की. आमच्याकडे दूध उतू गेलं तरी गॅस बंद करायला ठराव लागतो.

यंदा आमच्या चर्चची राष्ट्रीय सभा आहे. त्याआधी प्रत्येक मंडळीने ‘सामूहिक आत्मिक पारख’ करावी, असं वरून कळवलं होतं. म्हणजे वाद घालायचा नाही, मतं घ्यायची नाहीत. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं आणि देव काय म्हणतो ते ऐकायचं. प्रश्नही वरूनच आला होता: बायकांना एल्डर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे वडील, करावं का?

इतर ठिकाणी हा प्रश्न हवेतला असेल. आमच्याकडे त्याला नाव होतं, सुशीलामावशी. चिंचणीच्या, रिटायर्ड नर्स. आजाऱ्यापाशी बसणं, मयताला पुढे होणं, भांडलेल्या नवरा-बायकोला एकत्र आणणं, एल्डरची सगळी कामं त्याच करतात. एल्डर तेवढे आम्ही!

*

पहिल्या पारखेला तयारी समितीचे अध्यक्ष शमुवेलकाका अजेंडा घेऊन आले. विषय तिसरा: शांतता.

“शांतता सुरू करावी असं मी सुचवतो. अनुमोदन कोण देतंय?”

दानिएलने दिलं. मग दुसऱ्या कुणीतरी दुरुस्ती सुचवली की शांतता प्रार्थनेनंतर असावी. त्यावर अशी जुंपली की विचारू नका! शेवटी शांतता पुढच्या मीटिंगवर ढकलली.

*

पुढच्या मीटिंगला मात्र खरंच शांत बसलो. आमचा वेल्डर संतोष रात्रपाळी करून तसाच आला होता. थोड्याच वेळात घोरायला लागला. पाळकसाहेबांनी हळूच हलवलं.

“संतोष, काय ऐकू आलं?”

तो दचकून म्हणाला, “साहब, मशीन बंद हुआ तो नींद लग गई। कान को आदत नहीं है!”

काका मला म्हणाले, “हे लिहू नका.” मी लिहिलं, ‘शांततेत काही चर्चा झाली नाही.’ काकांनी तेही वाचलं आणि म्हणाले, “‘काही’ काढा. उगाच संशय येतो.”

*

मग प्रत्येकाने काय ऐकलं ते सांगायची वेळ आली. काय गंमत बघा! देवाने प्रत्येकाला तेच सांगितलं होतं, जे तो गेल्या मीटिंगला स्वतः बोलला होता. काकांना देव म्हणाला, “घाई नको.” दानिएल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर, त्याला देव म्हणाला, “आधी धोके तपासा.”

पाळकसाहेब भले माणूस. त्यांना ऐकू आलं, “द्या की!”

“आता देव दोन्हीकडून कसा बोलेल?” ते म्हणाले.

काका लगेच म्हणाले, “सब-कमिटी नेमू या.”

*

सब-कमिटीत मी भीत भीत म्हणालो, “प्रश्न बायकांचा आहे. एकदा बायकांना विचारू या का?”

काका माझ्याकडे फार प्रेमाने बघत म्हणाले, “अहो, त्यांच्याच प्रश्नाचा त्यांना कशाला त्रास? त्यांच्या वतीने आपण ऐकतोय ना!”

ठराव एकमताने पास. सब-कमिटीत बाई नव्हतीच.

*

चिंचणीला मावशींकडे गेलो तेव्हा राहवेना. म्हटलं, “मावशी, तुम्हाला एल्डर व्हायचंय असं लोक बोलतात.”

“लोक कशाला? मीच सांगते. व्हायचंय मला! एवढी वर्सं राबले, आता तुमच्या एल्डर लोकांच्या टेबलाशी बसायचंय. लाजायचं काय हाय त्यात?”

मला इतकं बरं वाटलं! आमच्याकडे कुणालाच काही हवं नसतं हो. सगळे ‘मंडळीचा आग्रह’ म्हणून उभे राहतात, आणि आग्रह झाला नाही की महिनाभर उपासनेला येत नाहीत.

*

शेवटची पारख ठरली त्या दिवशी बोईसरच्या हॉलशेजारी हळदीचा डीजे. देवाचं सोडा, काकांचंही ऐकू येईना! मावशी म्हणाल्या, “माझ्या घरी चला सगळी. बायकांनापन घेऊन या.”

गेलो. काका दारातच म्हणाले, “बायकांनी आतलं बघा. आम्ही बाहेर ऐकतो.” वर प्रेमाने जोडलं, “आणि बोंबील कुरकुरीत होऊ द्या!”

आम्ही पडवीत डोळे मिटून बसलो. या वेळी सगळे खरंच गप्प. आज उत्तर पाठवायचंच होतं. पण बराच वेळ झाला, देवाकडून काही येईना. आणि आतून वासही येईना! भांड्याचा आवाज नाही, विळीचा नाही. काकांचं पोट मोठ्याने बोललं. शेवटी ते उठले, मागोमाग मी.

स्वयंपाकघरात टोपलीतले बोंबील टोपलीतच. गॅस बंद. आमच्या सगळ्या बायका चटईवर ओळीने, डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या. माझी बायकोसुद्धा!

“हे काय चाललंय?” काका कुजबुजले.

मावशींनी डोळे उघडले नाहीत. “पारख. बोंबील कुनी साफ करायचे त्याची.”

काकांनी टोपलीकडे पाहिलं. “मग... काय ऐकू आलं?”

“अजून नक्की नाय. पन सारखं तुमचंच नाव येतंय!”