तत्त्वतः हो

ऱ्हाइनकाठच्या एका विद्यापीठात माझ्या प्राध्यापकानं मला फसवलं. काम माझं, लेखावर नाव त्याचं. यात संदिग्ध काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं पीएचडी करत होतो. नकाशावर बोटाखाली झाकला जाईल एवढ्या डेन्मार्कनं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायला एक छोटा उपग्रह सोडला होता, आणि त्याची मोजमापं मागेल त्याला दिली होती. आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हे तो उपग्रह कॅमेऱ्यानं तारे बघून ठरवायचा. चंद्र समोर आला की कुठलाही कॅमेरा दिपणारच. मग दिशा चुकते, आणि दिशा चुकली की क्षेत्राचं मापही कुचकामी.

हे मला दिसलं. प्राध्यापकाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता; त्यानं मोजमापांची फाइल कधी उघडलीच नव्हती. बाद करायच्या नोंदींची यादी करायला मला पाच महिने लागले. ती घेऊन मी त्याच्या खोलीत गेलो. घासाघीस मला नवी नाही. पुण्यात रेडिओचे सुटे भाग विकून मी शिकलोय.

"यादी देतो, पण लेखावर पहिलं नाव माझं," मी म्हणालो.

"इम प्रिन्झिप या," असं म्हणत त्यानं कॉफी पुढे केली. मी यादीची सीडी दिली.

घरी बायकोला सांगितलं. तिचे वडील जिल्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते.

"म्हणजे नक्की काय म्हणाले ते?"

"तत्त्वतः हो म्हणाले."

"तत्त्वतः?" ती पोळी लाटायची थांबली. "अहो, आमच्या गावच्या पुलाला मी तिसरीत असताना तत्त्वतः मंजुरी मिळाली. अजून होडीनंच जातो आम्ही."

"जर्मन माणूस शब्दाचा पक्का असतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि लाटायला लागली.

'तत्त्वतः' हा शब्द त्याच्या तोंडून मराठीत ऐकला असता तर मी सीडी खिशातून काढलीच नसती. परक्या भाषेत तो भारदस्त वाटला. तेवढी चूक माझी.

लेख छापून आला. पहिलं नाव प्राध्यापकाचं, दुसरं त्याच्या लाडक्या सहायकाचं, ज्यानं नकाशे रंगवले होते. मी शेवटी आभारांत, 'तांत्रिक साहाय्याबद्दल'. त्याच ओळीत प्रिंटर दुरुस्त करणारा होता.

मी जाब विचारला.

"आल्झो, हे बघा, तुम्ही यादी केलीत," तो शांतपणे म्हणाला. "विज्ञान आम्ही केलं."

पुढे कोलोनच्या एका परिषदेत त्यानं हाच लेख वाचला. एका डॅनिश बाईंनी विचारलं, "चंद्राचा संशय तुम्हाला कशावरून आला?" त्याची नजर मला शोधत मागच्या रांगेपर्यंत आली. मी हाताची घडी घातली.

"तपशील परिशिष्टात आहेत," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परिशिष्टात तसलं काही नाही. मी दोनदा वाचलंय. बाईंचा प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. प्राध्यापक आता हारतुरे घेऊन निवृत्त झालाय, वेळच वेळ असेल. त्यानं सांगावं, चंद्राचा संशय त्याला कुठली नोंद बघून आला. लेखी सांगावं, आणि ज्या मासिकात स्वतःचं नाव छापलं त्याच मासिकात.