बळवंतने लिहिलेला पत्ता

बळवंत, सातवीत मी तुला शिकवलं, म्हणून तुझं अक्षर सुंदर आहे. डोकं मात्र तू घरीच ठेवून येतोस. जव्हारच्या त्या खासगी दवाखान्यात पंधरा वर्षं तू खिडकीत बसून लोकांचे फॉर्म भरतोस. आधी अंगठा घेतोस, प्रश्न नंतर विचारतोस.

दाभोसा गावची जानी मुलाचा, उमेशचा, मोडलेला पाय दाखवायला आली. "राहतेस कुठं?" तू विचारलंस. दिवाळीनंतर ती भिवंडीला वीटभट्टीवर राबते, तिनं तेच सांगितलं. तू भट्टीचा पत्ता लिहिलास. रेशनकार्डावर होतं दाभोसा. पत्ता जुळेना, सरकारी योजनेतल्या मोफत उपचाराचा अर्ज परत आला, आणि तू तिच्यापुढं ऑपरेशनच्या खर्चाचा आकडा टाकलास.

जानीच्या मागं रांगेत मीच होते. मी म्हटलं, "खर्चाचा तपशील लेखी मागायचा तिला हक्क आहे. आणि चूक तुझी आहे."

"बाई, हक्क तुमच्या पुस्तकात. इथं मागची रांग बघा."

"त्या रांगेला वाचून तरी दाखवतोस का, काय लिहिलंस ते?"

तू हसलास. मी तिथंच पत्तादुरुस्तीचा अर्ज लिहिला, जानीला वाचून दाखवला, मगच तिचा अंगठा घेतला. त्यावर डॉक्टरांची सही आणायला तुला एकच जिना चढायचा होता. "जेवण झालं की जातो," म्हणालास.

जानी तीन दिवस त्या जिन्याखाली बसली. चौथ्या दिवशी उमेशला जीपमध्ये आडवं घालून घरी घेऊन गेली. त्याचा पाय वाकडाच जुळला. परवा मी पुन्हा दवाखान्यात आले, तेव्हा अर्ज तुझ्या खणात होता, बिनसहीचा.