सीलबंद मीटर

ते मीटर मी अजून विसरलेलो नाही. जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवरचे, तळहाताएवढे, गाडी किती किलोमीटर चालली हे दाखवणारे. नोकरीत खून, दरोडे, अपहरण असे अनेक तपास केले. पण शेवटच्या काही वर्षांत नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात नोंदवलेला हा विश्वासघाताचा किरकोळ गुन्हा मला जास्त शिकवून गेला. संबंधित हयात आहेत, म्हणून नावे देत नाही.

फिर्यादी नांदगाव तालुक्यातला, वय पंचेचाळीसच्या आसपास. घरची शेती आणि बियाण्यांचे दुकान. वडिलांची एक फार जुनी मोटार होती. वडील गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा चालती करायची म्हणून त्याने एकेक भाग उतरवून बाहेरगावी पाठवायला सुरुवात केली. कार्बोरेटर पुण्याला गेला, रेडिएटर मालेगावला, मीटर सातपूरला. सातपूरला कारखान्यांच्या मागच्या एका गाळ्यात सत्तरीच्या घरातला एक कारागीर जुन्या मोटारींची मीटर दुरुस्त करीत असे. त्याच्याकडे परराज्यातूनही पार्सल येत. फिर्यादी आणि तो कधी भेटले नव्हते. बोलणे फोनवर, वस्तू कुरिअरने.

मीटर परत आले तेव्हा त्याची तबकडी पांढरीशुभ्र होती, मागचा पत्र्याचा डबा वेगळा होता आणि आकडा होता शून्य. पाठवण्यापूर्वी काढलेल्या फोटोत तबकडी पिवळी पडलेली, तडा गेलेली दिसत होती. आकडा होता ६४३१८.

“हे आमचं मीटरच नाय, साहेब,” तो ठाणे अंमलदाराला सांगत होता. “दुसरंच कायतरी पॉलिश करून पाठवलंय.”

“चालतं का?” अंमलदाराने विचारले.

“चालतं. पण माझे वडील जिथवर गाडी चालवत आले, तो आकडा हाय का त्याच्यात?”

त्याचे दुःख एवढेच होते. वडिलांनी चालवलेली गाडी त्याला त्यांच्या आकड्यापासून पुढे चालवायची होती.

प्रकरण दिवाणी स्वरूपाचे वाटल्याने मी अर्ज चौकशीवर ठेवला. चार दिवसांनी भंगार बाजारात वावरणाऱ्या आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. “साहेब, त्या मीटरवाल्या बाबाकडे जुन्या मीटरांची पेटी आहे. मुंबईचे शौकीन येऊन बघून जातात. ओरिजिनल ठेवून घेतो आणि लोकांना भलतंच देतो, असं बाजारात बोलतात.”

माझ्या दृष्टीने चित्र पूर्ण झाले. गुन्हा नोंदवला आणि पंच घेऊन गाळ्यावर गेलो. पेटी मिळाली. आत एकोणीस मीटर होती. पेटी, कारागिराची हत्यारे आणि डोळ्याला लावायचे भिंग जप्त केले. फिर्यादीने हजर केलेले मीटर कापडात बांधून लाखेचे सील केले, पंचांच्या सह्यांचे लेबल लावले.

नोटिशीप्रमाणे कारागीर सलग दोन दिवस ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, सोबत पाण्याची बाटली. घाबरलेला नव्हता, उर्मटही नव्हता.

“पेटीतली मीटर कुणाची?” मी विचारले.

“मेलेली आहेत, साहेब. लोक देऊन टाकतात. एकाचं चाक काढून दुसऱ्याला बसवतो.”

“फिर्यादीच्या मीटरच्या डब्यावरचा नंबर जुन्याशी जुळत नाही.”

“त्याचा डबा गंजून चाळण झाला होता. दुसरा लावला. आतलं मशीन त्याचंच, तबकडी त्याचीच, फक्त रंगवली.”

“आणि शून्य?”

“काम पुरं झालं की शून्यावर आणायचं, ही आमची रीत. प्रदर्शनात गाड्या मांडणारे तर मुद्दाम मागतात. तुम्ही नवी स्टेशन डायरी पहिल्या पानापासूनच लिहिता ना?”

शेजारचा हवालदार हसला. मी हसलो नाही. “तेच मीटर आहे हे दाखवणार कसं?”

“मला उघडू द्या. दोन मिनिटं. ते माझ्या हाताखालून आधीही गेलंय.”

हे मला बढाईचे वाक्य वाटले. आरोपी मुद्देमालाला हात लावू मागतो तेव्हा त्याला पुरावा बिघडवायचा असतो, असा माझा अनुभव होता. मी नकार दिला. दोन दिवसांत त्याने तीनदा तीच मागणी केली. तिसऱ्यांदा म्हणाला, “मग तुम्ही उघडा. मी हात मागे बांधून लांब उभा राहतो.” न्यायालयाच्या परवानगीशिवाय सील तुटणार नाही, असे सांगून मी विषय संपवला. आत काय आहे, हे मात्र मी विचारले नाही.

दरम्यान फिर्यादीने आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकले होते. आठवडाभरात कारागिराकडे येणारी पार्सल थांबली. ज्यांचे मीटर त्याच्याकडे होते ते आहे तसे परत मागू लागले. तो पुन्हा ठाण्यात आला तो जबाबासाठी नव्हे.

“लोक म्हणतात, न उघडता परत पाठवा,” तो म्हणाला. “चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं, साहेब.”

तपास चालू आहे, एवढेच मी सांगितले.

धागा हाती लागला तो मुद्देमाल खोलीत. तिथले काम पाहणारी महिला हवालदार पेटीतल्या प्रत्येक मीटरचे वर्णन रजिस्टरला लिहीत होती. एका मीटरची तबकडी सैल होती, ती तिच्या हातात आली. ती तबकडी घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली.

“साहेब, हिच्या पाठीवर पेन्सिलनं गाडीचा नंबर आणि खाली आकडा लिहिलाय. म्हणून आणखी चार सुट्या तबकड्या बघितल्या. सगळ्यांवर आहे.”

कारागीर सील का तोडायला सांगत होता, ते तेव्हा कळले. त्याच दिवशी न्यायालयात अहवाल दिला. परवानगी मिळाल्यावर पंच, फिर्यादी आणि कारागीर यांच्यासमोर मी सील तोडले. स्क्रू कारागिराने काढले. त्याने तबकडी उलटी करून टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतले.

समोरून पांढरी दिसणारी तबकडी पाठीमागून पिवळीच होती. फोटोतला तडाही तिथे होता. त्याखाली गाडीचा नंबर आणि ६४३१८. त्याच्या वर, पुसट झालेल्या पेन्सिलीत, तोच गाडीचा नंबर आणि २७४०६. अक्षर एकाच माणसाचे. वरचे ठाम, खालचे थोडे कापरे.

फिर्यादीने वरची ओळ दोनदा वाचली. “मी शाळेत होतो,” तो म्हणाला. “वडील मीटर घेऊन बसनं नाशिकला आले होते.”

“नाव नाही आठवत,” कारागीर म्हणाला. “पण मीटर बाजरीच्या पिशवीत खुपसून आणलं होतं. खोललं तर आतून दाणे निघाले.”

“बाजरी घरचीच असणार,” फिर्यादी म्हणाला आणि रुमाल शोधू लागला.

मी कारागिराला विचारले, “हे आधी का नाही सांगितलं?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तूच नंतर लिहून ठेवलंस. न सांगता निघालं तर खरं.”

गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा समरी अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, मी न्यायालयाला पाठवला. तो मंजूर झाल्यावर मीटर फिर्यादीला आणि पेटीसह हत्यारे कारागिराला परत देण्याचा आदेश आला. दोघे एकाच दिवशी आले.

“काका, आकडा पहिल्यासारखा लावता येईल का?” फिर्यादीने विचारले.

“येईल की. आता हत्यारं माझी मला मिळालीत.”

ठाण्यातल्याच टेबलावर, भिंग डोळ्याला लावून, त्याने एकेक चाक फिरवत ६४३१८ आणले. डबा बंद करण्यापूर्वी तबकडीच्या पाठीवर तिसरी ओळ लिहिली. तोच आकडा आणि पुढे आमच्या पोलीस ठाण्याचे नाव. मी पाहत होतो. “जिथं उघडलं ते ठिकाण लिहून ठेवतो,” तो म्हणाला.

फिर्यादीने तबकडीच्या पाठीचा फोटो त्याच ग्रुपमध्ये टाकला आणि चूक कबूल केली. काही पार्सल पुन्हा सुरू झाली. निवृत्त होण्याच्या सुमारास सातपूरला गेलो असता गाळ्यावर थांबलो. काम कसे चालले आहे, असे विचारले. “चालू आहे,” तो म्हणाला. “पूर्वीइतकं नाही.” त्याने चहा मागवला. माझ्याबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही.

खबर अर्धी खरी होती. पेटी होती आणि शौकीनही येत होते. उरलेले मी माझ्या मनाने भरले. सील नियमानुसार लावले होते. पण लावण्यापूर्वी समोरच्या माणसाचे ऐकून घेऊ नये, असे कोणत्याही नियमात नव्हते.

त्यानंतर कोणतीही वस्तू सीलबंद करण्यापूर्वी, आरोपी हजर असेल तर मी त्याला विचारत असे, “यात तुला काही दाखवायचं आहे का?” बहुतेक जण नाही म्हणत. तो प्रश्न आणि ते उत्तर मी पंचनाम्यात लिहून घेत असे.