पारावर सांगितलेला इतिहास

सीताफळ फोडलं की त्या वासानं टेंभुर्णीपलीकडच्या डोंगरातलं आमचं गाव आठवतं, आणि पारावर वही उघडून बसलेला तो परका माणूस. त्याला गावाचा इतिहास लिहायचा होता. वडिलांनी त्याला सीताफळं खायला दिली, पण वहीवरची नजर काढली नाही.

"लिहून घेऊन राह्यलाय, मंग काहीतरी घेऊनच जाईल," ते माझ्या कानाशी पुटपुटले. मोठ्यानं मात्र म्हणाले, "वाट चुकलेल्या सरदारानं वसवलं हे गाव." पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हसू आवरेना.

काल लेकीनं तीच थाप छापील पुस्तकातून वाचून दाखवली. खरं ठाऊक असलेली आता मीच उरलेय.

"मग खरं काय होतं, आई?" तिनं वही उघडली.

"कशाला पायजे तुला?" मी विचारलं.