साळवेबाईंचा केक आणि किल्ल्याचा वेढा

हसायचं तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. असा गाढवपणा माणसाच्या हातून आयुष्यात एकदाच होतो. माझ्या हातून तो नगरला झाला, एका रविवारी दुपारी, आणि तोही पुस्तक वाचता वाचता.

दुष्काळाचं साल. मी तिसगावच्या शेतकऱ्याचा पोरगा, नगरच्या एका मिशन शाळेत टेम्पररी मास्तर. अकरावीचा इतिहास मिळाला की नोकरी पक्की होणार होती. हेडमास्तर साळवेसर म्हणाले, "रविवारी घरी या. किल्ल्याच्या वेढ्यावर एक पुस्तक आहे, ते वाचा. पाच वाजता कमिटीची माणसं येतील, त्यावर विचारतील."

गेलो. सरांनी पुस्तक हातात दिलं आणि ते कमिटीला आणायला स्टँडवर गेले. साळवेबाईंनी टेबलावर कॉफी ठेवली, शेजारी बशीत अख्खा गोल केक आणि सुरी. "घ्या हं कापून, लाजू नका," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता केक मी जन्मात खाल्ला नव्हता. आणि आमच्याकडे कसं, पाहुण्यापुढं जे ठेवलं ते पाहुण्याचं. पानात टाकलं तर घरची बाई रुसते, "ग्वाड न्हाई का झालं?" म्हणते. त्या साली तर घराघरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, अन्न टाकायची हिंमत कुणाला? मनाशी म्हटलं, प्रकरण मोठं आहे, पण संपवलं पाहिजे.

पुस्तक त्याहून मोठं प्रकरण. एकेक वाक्य अर्धं पानभर, अर्धे शब्द फारसी, तळटीपा मजकुराहून लांब. पहिलं पान तीनदा वाचलं. मग कॉफीचा घोट घेतला, केकचा तुकडा तोंडात टाकला आणि काय सांगू, ओळी हलायला लागल्या! खिडकीबाहेरच्या लिंबाची सावली पानावर डुलत होती. मी बुरुजावर उभा. खाली शत्रूचे तंबू, धुरकट संध्याकाळ, लांब कुठंतरी नौबत. किल्ल्यातला दाणा संपत आलेला. त्या उपाशी शिपायांची मला इतकी कणव आली, की एक ओळ वाचावी आणि त्यांच्या वतीनं एक तुकडा खावा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तसं सुख मला पुस्तकानं पुन्हा कधी दिलं नाही.

पाचला सर आले, मागं कमिटीचे तिघं. त्यातले बेलापूरचे दादा खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "बाई, तुमच्या केकसाठी यष्टीत हुबं ऱ्हाऊन आलोय बगा."

बाई हसत टेबलाकडे आल्या आणि थांबल्या. बशीत नुसती सुरी होती.

"केक?"

"संपवला की, बाई," मी अभिमानानं म्हणालो. "जरा जड गेला, पण टाकला न्हाई."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्यांना भरून आलं. म्हणून मी वर सांगितलं, "लई ग्वाड हुता. पण आता आणखी नको."

सरांचे कान लाल झाले. पण माणूस शिस्तीचा. खाकरून म्हणाले, "शिरसाट, वाचलंत ना? मग सांगा, किल्ल्यातली माणसं टेकीला का आली?"

हे मला पक्कं येत होतं. "आतलं खाणं संपलं, सर."

दादा बशीकडे बघत म्हणाले, "व्हय, ते दिसतंय. पर खाल्लं कुनी?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बुरुज, तंबू, नौबत सगळं विरलं आणि मी साळवेसरांच्या बैठकीत पोट धरून उभा राहिलो. जमीन दुभंगावी म्हणतात ना, मला त्या दिवशी खरंच तसं वाटलं.

इतिहास दुसऱ्या मास्तरांना गेला. नोकरी मात्र पक्की झाली, कवायतीच्या तासावर. निघताना दादा सरांना म्हणाले होते, "एवढं पचवनारा गडी सोडू नका, सर. फकस्त त्याला रोज पळवा."