शेडबाईंच्या माहेरचं देणं

कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंगाची शेड, म्हणजे छटा, जुळवायच्या म्हणून त्यांना सगळे शेडबाई म्हणत. नमुन्याचा तुकडा आणि नवा तागा खिडकीच्या उजेडात शेजारीशेजारी धरायचा, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "पिवळा अजून कणभर हवा." एकवीस वर्षांत त्यांच्या नजरेवर कुणी शंका घेतली नव्हती. अशा बाईच्या मुलाला वायरमनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला. का, तर त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही!

"तपासणाराच चुकला असेल," म्हणत शेडबाई त्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा शेडबाईंना लांबून दिसला. पोराला नुसते ठिपके दिसले.

"हे तुमच्याकडून आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझ्याकडून? अहो, मी पोटासाठी रंगच जुळवते!"

"तेच तर. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईला एक्स दोन. एक बिघडलेलं असलं तरी दुसरं निभावून नेतं. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतं, वडिलांकडून वाय. तुमच्या दोन्हींपैकी चांगलंही त्याला मिळू शकलं असतं, पण नेमकं बिघडलेलं मिळालं. वडिलांना कसं दिसतं तुमच्या?"

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी हात झटकले. "आमच्या घराण्यात नाही हो असलं काही!" मग येणारा-जाणारा प्रत्येक जण पोरासमोर काहीतरी धरायला लागला. हा टॉवेल कुठल्या रंगाचा? ही बादली कुठल्या रंगाची? नणंदबाईंनी गाजराचा रस सुचवला.

"गाजरानं गुणसूत्र बदलत नाही!" शेडबाई कडाडल्या. हे त्या आठवड्यात त्या चौथ्यांदा सांगत होत्या.

रविवारी त्या पोराला घेऊन माहेरी गेल्या. वडील शिंपी होते, आता घरीच असायचे. शेडबाईंनी त्यांच्यापुढे तीन चिंध्या टाकल्या. लाल, हिरवी, तपकिरी.

"बाबा, यातल्या सारख्या कुठल्या?"

वडिलांनी बराच वेळ चिंध्या चाचपल्या. मग हिरवी आणि तपकिरी एकत्र ठेवली.

"बघ!" शेडबाईंची आई उसळली. "कामात लक्ष म्हणून नाही! शाळेच्या हिरव्या गणवेशांना तपकिरी खिसे लावले होते यांनी. सगळे मी उसवले."

"आई, त्यांना दिसतच नाही ते."

वडील चिंध्या गोळा करत म्हणाले, "रिळांवर, कापडावर नंबर असायचे. ते बघून शिवायचो. नंबराचा कागद निघाला की घोळ व्हायचा. लोकांना कळलं असतं तर कपडे कुणी दिले असते?"

"अहो, मला तरी सांगायचं! त्रेचाळीस वर्षं मी तुम्हाला वेंधळा म्हणतेय!"

"तू बोलू दिलंस तर ना."

शेडबाईंना हसू आलं नाही. "तुम्ही सांगितलं असतंत तर हा दोन वर्षं वायरींच्या मागे लागला नसता, बाबा." वडिलांनी मान खाली घातली. मग नातूच आजोबांजवळ सरकला.

"आजोबा, फळ पिकलंय हे तुम्ही कसं ओळखता?"

"दाबून."

"मीपण!"

दोघं इतके हसले, की आईनंही पदर तोंडाला लावला.

पुढच्या महिन्यात पोरगा सुतारकाम शिकायला लागला आणि रमलाही. शेडबाईंनी मात्र धाकट्या बहिणीला फोन लावला. बाबांचं एकुलतं एक्स दोघी बहिणींना मिळालेलंच होतं, आणि तिला दोन मुलगे होते.

"त्यांचे डोळे तपासून घे."

"माझ्या पोरांना काय धाड भरलीय? आणि मला तर सगळं लख्ख दिसतं!"

शेडबाईंनी कपाळावर हात मारला आणि दोन एक्सपासून पुन्हा सुरुवात केली.