मॅचिंगकाकूंचा पांढरा

मॅचिंगकाकूंना पांढऱ्या रंगाचं वय कळायचं. माणसाचं वय अचूक सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हशीचे दात बघून तिचं वय सांगणारेही आमच्या भागात आहेत. पण टीव्हीच्या पडद्यावर नुसता कोरा पांढरा रंग लावला, की दोन पावलं मागे सरून, डोळे किंचित बारीक करून, "हा चार वर्षाचा हाय. रोज लय वेळ चालते. घरात म्हातारं मानूस असन," असं सांगणारी बाई मी एकच पाहिली. टीव्हीचा मालक गोंधळून म्हणायचा, "हो, बाबा दिवसभर बातम्या पाहतात." तोवर काकू आपल्या दुकानात परत गेलेल्या असायच्या. चहात साखर कमी आहे हे सांगून जावं तितक्या सहज.

अमरावतीच्या बाजारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि शेजारी त्यांचं मॅचिंग सेंटर. मध्ये प्लायवूडची भिंत. साडीवर ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर जुळवून घ्यायला तालुक्यातालुक्यातून बायका त्यांच्याकडे येत. त्यांचं आडनाव काय, हे मला पहिली तीन वर्षं माहीत नव्हतं आणि पुढे कधी लागलं नाही. कोणी "डाळिंबी दाखवा" म्हणालं, की त्या विचारायच्या, "कोनती डाळिंबी? दान्याची का सालाची?" बाई विचारात पडायची. मग काकू तिची साडी दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेऊन धरायच्या आणि मागे न पाहता आतल्या मुलीला सांगायच्या, "तिसरा कप्पा, डावीकून सातवा."

ही नजर माहेरची होती. नांदगाव खंडेश्वरजवळ त्यांच्या वडिलांचा फुलांचा मळा होता. लहानपणी पहाटे आजची शेवंती आणि कालची शेवंती वेगळी करायचं काम त्यांच्याकडे असे. "सकाळी दोन्ही सारख्याच दिसते," त्या सांगायच्या, "दुपारी हारात दोन रंग पडते. मंग हारवाला बाबाले बोलते अन् बाबा मले." सासर भातकुलीचं, तेही फुलवाल्यांचंच. काका मळा पाहायचे, काकू रोज बसने अमरावतीला यायच्या.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या फजितीमुळे. एलईडी टीव्हीच्या पडद्यामागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात. वापरून वापरून ते दिवे थकतात, उजेड मंदावतो आणि पांढऱ्यावर पिवळट झाक चढते. सगळे मिळून थकले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एका गुरुजींच्या टीव्हीतली एक पट्टी जळाली होती. मी तेवढीच नवी घातली आणि खुशीत टीव्ही पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी गुरुजी टीव्ही रिक्षात घालून परत आले. क्रिकेटचं मैदान डावीकडे हिरवंगार आणि उजवीकडे पोपटी दिसत होतं. "चेंडू सीमेपर्यंत जायच्या आत दोन ऋतू पार करतो," गुरुजी शांतपणे म्हणाले.

मी आवाज मोठा करून मॅच लावली आणि सेटिंगशी झटापट करत बसलो. आवाज कमी कर म्हणून सांगायला काकू आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"संजू, ब्लाऊजची एक बाही फाटली, तं तिथं नव्या कापडाची बाही लावशीन का रे?"

"नाही."

"मंग इथं काहून लावली?"

मी म्हटलं, "काकू, त्याच कंपनीची पट्टी आहे. नंबरसुद्धा तोच."

"नंबर एकच असन. पन थे धुतलेलं हाय अन् हे कोरं."

कारखान्यातली माणसं ज्याला मोठमोठी नावं देतात, ते मला त्या दिवशी एका बाहीत समजलं. त्यानंतर मी जुन्या, भंगारात निघालेल्या टीव्हींच्या चालू पट्ट्या फेकणं बंद केलं. काकूंनी बिस्किटांचे तीन डबे दिले आणि त्यावर चिकटपट्टी लावून स्वतः लिहिलं: कोरे, धुतलेले, लय धुतलेले. गुरुजींच्या टीव्हीत धुतलेल्यातली पट्टी बसली आणि मैदान एका रंगाचं झालं.

मग माझ्या दुकानातला प्रत्येक टीव्ही काकूंच्या नजरेखालून जाऊ लागला. त्यांचे नियम कडक होते. टीव्ही लावल्याबरोबर त्या बघायच्या नाहीत. "आधी तापू दे त्याले. झोपेतून उठलेल्याचा फोटो काढते का कोनी?" अर्धा तास गेला की मग यायच्या. त्याआधी लाल-गुलाबी साड्या पाहिल्या असतील, तर समोरच्या कडुनिंबाकडे टक लावून उभ्या राहायच्या. याला त्या डोळे विसळणं म्हणत. गिऱ्हाइकांना वाटे, बाईंचा झाडावर काही नवस आहे. मी पुढे रंग मोजायचं एक मीटर विकत घेतलं, तेव्हा जरा ऐटीत त्यांच्यासमोर ठेवलं. पहिल्याच दिवशी मीटरचं आणि त्यांचं जुळलं नाही. काकू म्हणाल्या, "यालेबी तापू दे." अर्ध्या तासानं मीटर त्यांच्याशी सहमत झालं.

आता अकोल्याची गोष्ट सांगायला हवी. तिथे बंडूभाऊंचं मंगल कार्यालय आहे. स्टेजच्या मागे नऊ पडदे जोडून एक भिंत केलेली, तीन आडवे, तीन उभे. स्टेजवरचं सगळं त्यावर मोठं होऊन दिसतं. तिची देखभाल माझ्याकडे. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बरोब्बर मधला पडदा गेला. काकू झेंडूच्या तोडणीसाठी भातकुलीला होत्या. मी नवा पडदा आणला, बसवला आणि परत आलो. आठ जुने आणि मध्ये एक नवा. काकू असत्या तर मला पायरीवरच अडवलं असतं.

त्यानंतरचं पहिलंच कार्य बंडूभाऊंच्या स्वतःच्या मुलीचं, ऋतुजाचा साखरपुडा. ऋतुजा रोज सकाळी सहा किलोमीटर पळणारी, तब्येतीनं खणखणीत. पण कॅमेरा असा लावला होता की तिचा चेहरा नेमका मधल्या पडद्यावर यायचा. आजूबाजूचे आठ पडदे मधासारखे पिवळसर, त्यांच्यामध्ये ऋतुजाचा चेहरा निळसर. पहिल्या रांगेत नवऱ्या मुलाची आजी बसली होती, मूर्तिजापूरहून आलेली. तिनं बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "पोरीचे ओठ निळे पडले वं. हिले काळजाचं दुखनं तं नाई?"

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. फार नम्रपणे त्यांनी विचारलं, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या का, आईच्या मनाचं समाधान होईल. ऋतुजानं ते ऐकलं आणि सांगितलं, "मी तपासणी करणार नाही. आज काळीज, उद्या दात मोजतील. नसेल जमत तर राहू दे." मुलगा तिच्या बाजूनं होता, पण आजीसमोर त्याचं तोंड उघडत नव्हतं. लग्न आठ दिवसांवर. बंडूभाऊंनी मला फोन केला तेव्हा ते रागावलेलेसुद्धा नव्हते. नुसतं म्हणाले, "भाऊ, तुह्या टीव्हीपायी माह्या पोरीचं लग्न मोडून राहिलं."

काकू तोवर भातकुलीहून परतल्या होत्या, मी त्यांना सगळं सांगितलं. "नवा तुकडा बरोब्बर छातीवर लावला तुनं," एवढंच म्हणाल्या आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं. आम्ही बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली.

मला वाटलं होतं, काकू आधी पडदे पाहतील. त्यांनी भिंतीकडे एक नजर टाकली आणि बंडूभाऊंना सांगितलं, "पयले थ्या आजीले बोलवा." बंडूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. पण काकूंनी सोडलं नाही. दुपारपर्यंत मुलाचे वडील आजीला गाडीतून घेऊन आले. आजी नऊवारीत, हातात काठी, चेहऱ्यावर पक्का संशय.

काकूंनी तिला हात धरून स्टेजवर नेलं आणि नवरीच्या खुर्चीत बसवलं. "बसा आजी. तुमाले भिंतीवर पाहू." मी कॅमेरा सुरू केला. भिंतभर आजी उमटली. पदर मधाच्या रंगाचा, आणि मध्ये चेहरा, निळा.

आजी मान वळवून बघत राहिली. हळूच तिचा हात स्वतःच्या छातीवर गेला. "माय, मले बी हाय का?"

काकूंनी खुर्ची हातभर डावीकडे सरकवली. आजीचा चेहरा जुन्या पडद्यावर आला आणि क्षणात तजेलदार झाला.

"आता?"

"आता बरं वाटून राहिलं," आजी म्हणाली.

काकूंनी खुर्ची परत मध्ये आणली. आजी पुन्हा निळी. पुन्हा डावीकडे, पुन्हा बरी. तिसऱ्या वेळी आजीला खुदकन हसू आलं, आणि मग ते थांबेना. तिनं स्वतःच्या लेकाला, म्हणजे नवऱ्या मुलाच्या वडिलांना, हुकूम केला, "तू बस इथं." ते बसले, निळे झाले. बंडूभाऊ बसले, ते तर आधीच भेदरलेले, त्यामुळे जास्तच निळे दिसले. आचारी झारा घेऊन आला, मांडववाले शिडीवरून उतरले, प्रत्येकाला एकदा निळं व्हायचं होतं. शेवटी आजीनं दाराशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या ऋतुजाला बोलावलं. "ये माय, बस." ती बसली. आजीनं भिंतीवर तिचा निळा चेहरा नीट निरखला आणि म्हणाली, "आता कशी आपल्यातलीच दिसते."

ऋतुजानं फार प्रयत्न केला, पण तिलाही हसू आवरलं नाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. माझा विचार होता, आठही जुन्यांचा उजेड वाढवून त्यांना नव्याच्या बरोबरीला आणावं. काकूंनी झिडकारलं. "थकलेल्याले पळवशीन तं अजून लवकर बसते. सगळ्यात थकलेला कोनता थो पाह्य. बाकीचे त्याच्या चालीनं चालतीन." आम्ही नवा पडदा मधून काढून खालच्या कोपऱ्यात नेला, जिथे फक्त फुलांच्या माळा दिसतात. मग उजवीकडचा वरचा, सगळ्यात मंद पडदा धरून, एकेकाचा उजेड आणि निळा रंग त्याच्यापर्यंत उतरवत आणला. काकू समोरच्या खुर्च्यांमध्ये फिरत होत्या. पहिल्या रांगेतून, मधून, अगदी कडेच्या खुर्चीतून. "दोन नंबर अजून कोरा." "सहा नंबर उतरला, थांब." संध्याकाळच्या आत नऊ पडद्यांचा मिळून एक पांढरा झाला. निघताना बंडूभाऊंना त्यांनी बजावलं, "नवा हाय थो पयल्या पयल्यानं लवकर उतरते. तीन मयन्यानं आमाले बोलावजो." लग्न थाटात झालं. मूर्तिजापूरची आजी भेटेल त्याला सांगत होती, "मी बी निळी पडली होती ना." त्याचा तिला अभिमान वाटायला लागला होता.

दर तीन महिन्यांनी आम्ही अकोल्याला जात राहिलो. अशीच काही वर्षं गेली, आणि मग माझ्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. काकूंनी पास केलेले पडदे मीटरवर निळे निघत. आधी थोडे, मग बरेच. मी महिनाभर गप्प बसलो. रोज त्या गेल्यावर चोरून रंग दुरुस्त करायचो. शेवटी न राहवून म्हटलं, "काकू, मीटर बिघडलंय वाटतं."

त्यांनी मीटर हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "हे नाई बिघडलं. तू खोटं बोलून राहिला." मग थोडा वेळ कापडाची घडी करत बसल्या. सरळच होती ती घडी, पण त्यांनी परत उलगडून परत घातली. "परवा एका बाईनं पीस वापस आनला. म्हने, पांढरा मांगितला होता, हा तं मोतिया हाय. मले दोन्ही सारखेच दिसले, संजू."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं होतं आणि निळा रंग आत कमी पोचत होता, म्हणून त्या पडद्यावर जास्त निळा मागत होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा मी समोर होतो. काकूंनी दवाखान्याची भिंत पाहिली आणि विचारलं, "काल रातून रंगवली का ही?" मग एक डोळा हातानं झाकला. मग दुसरा. मग पहिला. आणि इतक्या हसायला लागल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. "संजू, माहे दोन डोळे दोन बॅचचे झाले रे."

त्यानंतरचा महिना आमचा गावभर फिरण्यात गेला. गेल्या दोन वर्षांत त्यांनी पास केलेला प्रत्येक टीव्ही त्यांना पुन्हा बघायचा होता. मी चोरून दुरुस्त केलेले सोडू म्हटलं, तर त्यांनी त्याबद्दल मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लोक चहा देत, काकू एक डोळा झाकून निळा उतरवत. गुरुजींनी तेवढं साफ नाकारलं. "राहू द्या. मला आता आभाळ असंच आवडतं." काकूंनी गुरुजींकडे कौतुकानं पाहिलं आणि टीव्हीला हात लावला नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मात्र त्यांनी दोनदा पुढे ढकलली. डॉक्टर वैतागले. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जुन्या टीव्हीवाल्याइले कसं दिसते, थे पाहाले एक डोळा नको का?" शेवटी काकांनी दटावलं तेव्हा कुठे तयार झाल्या.

आता मॅचिंग सेंटर बंद झालं आहे. काकू भातकुलीला मळ्यात असतात. मी दिवाळीत गेलो तेव्हा त्यांच्या घरचा टीव्ही पाहून हादरलो. एका कोपऱ्यात जांभळा डाग, मालिकेतली सासू अर्धी वांग्यासारखी दिसत होती, आणि काका समाधानानं पाहत होते. मी पिशवीतून पाना-पेचकस काढू लागलो. काकूंनी पिशवी उचलून खाटेवर ठेवली. "त्याइले सवय हाय. तू बाहेर चाल."

बाहेर झेंडूचा मळा होता, बांधापर्यंत. "पाह्य," त्या म्हणाल्या. "इतके वर्षं म्या हे तोडले, अन् इतक्या तऱ्हेचे केशरी असते हे आता समजून राहिलं." मला सगळे वाफे एकाच रंगाचे दिसत होते. मी तसं म्हटलं. काकूंनी माझी कीव केल्यासारखं पाहिलं आणि ओळीत शिरल्या. दोन्ही डोळे आता एकाच बॅचचे होते, तरी सवयीनं एक डोळा झाकत, मग दुसरा झाकत, फुलांमधून हसत पुढे चालल्या.